झाकलेलं पेव

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, पण समुद्रकडा कसा तयार होतो हे मला त्याच्या बऱ्याच आधी तोंडपाठ होतं. लाटा पायथ्याशी आपटतात, तिथे खाच पडते, खाच खोल जाते, वरचा भाग अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. भूगोलाच्या बी. ए.च्या पहिल्या वर्षात ही आकृती मी इतक्या वेळा काढली होती की डोळे मिटूनही काढता आली असती. औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, खाली रिक्षांचा कलकलाट चालू असताना, मी सागरी गुहा, पुळणी आणि वाळूचे दांडे रंगीत पेन्सिलींनी रंगवत बसे. वडील कचेरीतून आले की वहीत डोकावून म्हणत, "खाम नदीत धड पाणी नाही आणि आमची लेक समुद्र रंगवतेय."

मला राग यायचा. राग मला फार पटकन येतो आणि रागात मी जे ठरवते ते बहुतेक वेळा अंगाशी येतं. तसंच त्या वर्षी झालं. प्रकल्पाला सगळ्यांनी लोकसंख्या नाहीतर ऊस असले सरळ विषय घेतले. मी मात्र लाटांमुळे होणारी झीज आणि भर हा विषय घेतला. सर हसले. "समुद्र कुठून आणणार तू?" मी म्हटलं, "माझ्या मामांच्या दारात आहे."

ते खोटं नव्हतं. मामांचं घर गंगापूरच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या काठावर होतं. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. सगळे नव्या गावठाणात गेले, मामा गेले नाहीत. उरलेल्या रानात एक उंचवटा होता, पूर्वी तिथे त्यांचं खळं असे. त्याच उंचवट्यावर त्यांनी दगडमातीचं, पत्र्याचं घर बांधलं. "एकदा उठलो, आता नाय उठनार," असं ते म्हणत आणि विषय संपे. पश्चिमेला नजर पोचेल तिथवर पाणी. पावसाळ्यात धरण भरलं आणि वारं सुटलं की त्या पाण्यावर खऱ्या लाटा उठत आणि काठाची माती ढेप-ढेप करून आत घेत.

माझ्या दृष्टीने हे घबाड होतं. पुस्तकातलं सगळं तिथे छोट्या आकारात हजर होतं. मामांच्या बाजूला उभा कडा होता. अर्ध्या कोसावर, जिथे काठ आत वळतो, तिथे वाहून गेलेली माती आणि रेती साचून एक लांब दांडा तयार झाला होता, टोकाला विळ्यासारखा वळलेला. मामांचे चुलत भाऊ उन्हाळ्यात पाणी हटलं की त्या गाळात टरबुजं लावत. ते मामांना चिडवत, "दादा, तुमचं रान हळूहळू माझ्याकडं नांदायला यायलंय." मामा हसत, पण ते हसणं फार टिकत नसे.

मी कड्यापासून घरापर्यंत बाभळीच्या खुंट्या ठोकल्या आणि दोन पावसाळे दर सुट्टीत जाऊन मोजमाप केलं. मामा टेपचं दुसरं टोक धरत. शिकलेली भाची आपल्या दारात येऊन काहीतरी मोजते आहे याचं त्यांना अपार कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची माय धरनाचं पानी मोजायली." पाणी मी मोजत नव्हते, पण मीही ते खोडून काढलं नाही. कौतुक कुणाला नको असतं?

त्या वैशाखात मामांनी मला ओट्यावर बसवून विचारलं. माझी मामेबहीण, म्हणजे आमची आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. घरात खोल्या तीनच. बाळंतिणीला द्यायची तर पश्चिमेकडचीच, कारण न्हाणी त्याच खोलीला लागून होती आणि खिडकी नसल्याने वाराही तिथे कमी लागे. पण ती पाण्याच्या अंगाची.

"किती वर्सं हाय गं ती भिंत?" मामांनी विचारलं.

मी वही उघडली. कड्यापासून भिंतीपर्यंत बारा हात. वर्षाला सरासरी दीड हात जातो. मी भागाकार केला. "आठ वर्षं तरी धक्का नाही, मामा."

"लिहून दे."

"मामा, मी सांगतेय ना."

"धरनाच्या टायमाला बी असंच तोंडी सांगितलं व्हतं, खालच्या मळ्यापर्यंत पानी येत नाय म्हनून. आलं. तवापासून तोंडी बोलनं बंद. लिखापढी कर आन् खाली दस्तखत कर."

मामांचं शिक्षण निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेत सुरू झालं आणि पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत संपलं. कागदावर त्यांचा विश्वास तेव्हापासूनचा असावा. मी आखीव कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: पश्चिमेकडील खोलीस आठ वर्षे धोका नाही. खाली सही केली, तारीख घातली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मामांनी तो कागद घडी करून जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवला.

श्रावण संपत आला तेव्हा धरण काठोकाठ भरल्याच्या बातम्या होत्या आणि पश्चिमेचं वारं चार दिवसांपासून थांबायचं नाव घेत नव्हतं. गंगापूरहून आलेल्या एका माणसाने निरोप आणला की आक्काला परवा मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आई पाचवीला लागणाऱ्या सामानाची जमवाजमव करू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रकल्पाची वही घेऊन सरांकडे गेले.

सरांनी पानं उलटली. आलेख आवडला त्यांना. मग घराच्या आराखड्यावर बोट ठेवलं. पश्चिमेच्या खोलीत मी तुटक रेषेने एक वर्तुळ काढलं होतं.

"हे काय?"

"पेव आहे, सर. जुनं. ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेलं. वर तोंड लहान, आत पोट मोठं. आता वापरात नाही, त्याच्यावर खोली बांधलीय."

"म्हणजे बुजवलंय."

"हो."

"बुजवलंय की झाकलंय?"

मी आठवू लागले. घर बांधलं तेव्हा मी शाळेत होते. पेवाच्या तोंडावर चौघांनी मिळून एक मोठी फरशी सरकवली होती, वर मुरूम टाकून चोपणीने चोपला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पेव भरायला माती आणलेली मात्र आठवेना. चाळीस-पन्नास गाड्या तरी माती लागली असती. तेवढी माती आणायला त्या उन्हाळ्यात कुणाकडे बैल मोकळे होते?

"झाकलंय," मी म्हणाले.

सर उत्साहात आले. त्यांना त्यात फक्त भूगोल दिसत होता. "मग मजाच आहे! समुद्राला गुहा खोदायला शेकडो वर्षं लागतात, इथे तुम्ही आयतीच दिलीत. तू बारा हात कुठपासून मोजलेस? कड्यापासून भिंतीपर्यंत. पेवाचं पोट भिंतीच्या बाहेर आलंय बघ तुझ्याच आराखड्यात. कड्यापासून त्या पोटापर्यंत किती?"

मी पट्टी लावली. सात हात निघाले. तेही वरून मोजलेले. खाली लाटांनी किती आत पोखरलं होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. उन्हाळ्यात पायथ्याशी पडलेल्या ढेपांचा ढीग असे आणि पावसाळ्यात पाणी. वरची कड तेवढी मोजायला सोपी होती, म्हणून मी तीच मोजत राहिले. आकृती शंभरदा काढणारी मी, खाच आधी पडते आणि कडा नंतर जातो हे माझ्याच मामांच्या दारात विसरले होते.

"तिथे कुणी राहत नाही ना?" सरांनी सहज विचारलं.

मी वही तिथेच टाकून निघाले. घरी निरोप द्यायलाही थांबले नाही. गंगापूरची एसटी लागलेलीच होती, बसायला जागा नव्हती. उभ्याने जाताना मी मनात सारखी तीच गणितं करत होते. एका पावसाळ्यात दीड हात ही सरासरी, पण माझ्याच वहीत एका आठवड्यात दोन हात गेल्याची नोंद होती. ती मी अपवाद म्हणून बाजूला काढली होती, कारण तिच्यामुळे आलेखाची रेष बिघडत होती. आठवलं तसं मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. गंगापूरला जीप भरेपर्यंत अर्धा तास गेला. शेवटी मी ड्रायव्हरवर इतकी ओरडले की त्याने दोन माणसं कमी घेऊन गाडी काढली. फाट्यावर उतरले तर वाऱ्याने शेतातली बाजरी एकाच अंगाला वाकली होती आणि पाण्याचा आवाज फाट्यापर्यंत येत होता. तिथून पुढे मी पळतच गेले.

मामा ओट्यावर दोरी वळत बसले होते. मला पाहून उठले, तोंडभर हसले. "आली का माय! नातू झाला मला."

"मामा, खालचं पेव बुजवलं होतं का?"

"कशापायी? फरशी टाकली की वरून."

"आक्काला त्या खोलीतून काढा. आत्ता."

मी सगळं सांगितलं, धापा टाकत, अर्धवट. मामा ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तूच तर लिहून दिलंस ना, आठ वर्सं."

"मी चुकले, मामा."

"शिकलेलं मानूस लिहून देतं आन् मग चुकलो म्हनतं व्हय?" ते चिडले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

तेवढ्यात मामी बाहेर आली. मामी अंगाने किरकोळ, पण घरात शेवटचा शब्द तिचा. तिने एका वाक्यात निकाल लावला. "पाचवी झाल्याबिगर बाळंतीन उंबरा वलांडीत नाय. उद्या सांजंला सटवाई येती लेकराचं नशीब लिव्हायला. लेकरू दुसऱ्याच्या घरात, तर ती कुठं लिव्हील?"

"मामी, खोलीच राहिली नाही तर काय लिहील?"

"वाईटसाईट बोलू नको दारात उभी राहून!" मामी ओरडली. मीही ओरडले. काय काय बोलले ते लिहायला आज लाज वाटते. अडाणी म्हणाले मी तिला. जिने मला लहानपणी सुट्ट्यांमध्ये न्हाऊमाखू घातलं, तिला.

आमच्या भांडणात आतून आक्काचा आवाज आला. तो इतका बारीक होता की आम्ही दोघी गप्प झालो.

"आई, मला दोन दिसांपासून उशाखाली पानी ऐकू येतंय. तुला म्हनलं तर तू म्हनलीस, बाळंतवाताचं हाय."

मामीने मान फिरवली. मी आत गेले. शेगडीचा धूर कोंडलेला, बाजेवर आक्का डोक्याला फडकं बांधून बसलेली, कुशीत ते चार दिवसांचं लाल बाळ. मी जमिनीवर कान टेकला. एक लाट आली. खालून धप्प असा आवाज झाला, रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा, आणि थोड्या वेळाने माती ओघळल्याची खसखस. आक्का माझ्याकडेच बघत होती. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठली. उंबऱ्यात मामी उभी होती. आक्का तिला म्हणाली, "सरक, आई." मामी सरकली.

टरबुजं लावणाऱ्या चुलत मामांचं रानातलं घर वरच्या अंगाला होतं, तिथे आम्ही तिला नेलं. मामांनी बाज आणली, शेगडी आणली. नंतर मी सारखी येऊन खोली बघत होते. दिवस मावळेपर्यंत काही झालं नाही. रात्र गेली. सकाळी पाहिलं तर खोली जशीच्या तशी, आणि वारंही जरा मंद झालेलं. चुलत मामा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "शहरात पुस्तकं वाचून भेव लागतं मानसाला." मामी माझ्याशी बोलत नव्हती. मला तर चक्क वाटून गेलं की पडावी ती खोली, निदान मी खोटी ठरणार नाही. असलं काही मनात आलं याची मला अजून शरम वाटते.

दुपार कलली तशी मामीने पाचवीची तयारी सुरू केली आणि सांगितलं, "पूजा तिथंच व्हईल. पूजेपुरती बाळंतीन आनायची, अर्ध्या घटकेचं काम हाय." मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मी जाऊन त्या खोलीच्या उंबऱ्यात आडवी बसले. म्हटलं, "माझ्या अंगावरून न्या तिला." मामी माझ्या अंगावरून ओलांडूनच आत गेली, दोन्ही हातांत दगडी पाटा घेऊन. पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा असते. खोलीच्या मध्यभागी, सारवलेल्या जमिनीवर, तिने तो पाटा जरा आदळूनच ठेवला. राग माझ्यावरचा होता.

पाट्याच्या खालून आवाज आला. मामी जिथे होती तिथेच थांबली. पाट्याची एक बाजू बोटभर खाली गेली होती. जमिनीवर मामीने काढलेली रांगोळी मधोमध दुभंगली होती.

"मामी," मी म्हटलं, "पाय न उचलता मागं ये. सरकत ये."

ती आली. एक एक पाऊल घसटत, भिंतीला हात लावत. शेवटच्या दोन हातांवर मी तिचं मनगट धरून ओढलं आणि आम्ही दोघी अंगणात आपटलो. मला वाटलं आता लगेच जाईल. गेलं नाही. मामी उठली, पदर सारखा केला, मामांना हाक मारली. मामा आले, चुलत मामा आले. आम्ही सगळे अंगणाच्या वरच्या कडेला उभे राहिलो. लाटा मोजाव्यात तशा मी मोजत होते, उगाच, काहीतरी हवं म्हणून. किती झाल्या आठवत नाही. एका लाटेला आतल्या जमिनीचा भाग फरशीसकट खाली बसला आणि पाटा दिसेनासा झाला. नंतर पश्चिमेची भिंत हळूच बाहेरच्या अंगाला झुकली, पत्रे कर्रकन वाजले आणि अर्धी खोली पाण्यात गेली. धूळ खाली बसल्यावर पलीकडचं मोठं पाणी सरळ घरात दिसू लागलं.

मामी वरच्या घराकडे, आक्काकडे चालू लागली. चुलत मामाही तिच्यामागे गेले.

मी आणि मामा राहिलो. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला वर उचललं. मी रडत म्हटलं, "मामा, मला माफ करा. माझ्यामुळे आज ती दोघं..."

मामा पाण्याकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "बाजंखाली भेग पडली व्हती, माय. पंधरा दिस झाले. मीच शेन-माती घालून बुजवली. चार दिसांनी परत पडली, परत बुजवली. तिसऱ्यांदा पडली तवा लिंपताना माझा अख्खा हात आत गेला."

"मग मामा, आक्काला तिथं का ठेवलंत?"

"डोळ्याला दिसत व्हतं की," मामा म्हणाले. "लेकीची बाज बी दोनदा उचलली मी, परत तिथंच टाकली. पन म्हनलं, आपन अडानी. तू शिकलेली, तू मोजलेलं. आपल्या डोळ्यांचं काय खरं?"